‘सुंदरी’ म्हणू नका

नव्या धंद्यांना नावे देताना मराठी भाषेने एकंदरीत शहाणपण दाखवले आहे. रुग्णाची शुश्रूषा करणारी ती परिचारिका, गाडी हाकणारा तो चालक, तिकिटे देणारा तो वाहक. माणूस काय करतो ते पाहावे आणि त्यावरून त्याला नाव ठेवावे, असा हा साधा आणि प्रामाणिक रिवाज आहे. या रिवाजाला एक ढळढळीत अपवाद आहे. विमानात शेपन्नास-दोनशे माणसांच्या जिवाची जोखीम घेऊन उभ्या असलेल्या बाईला आपण ‘हवाई सुंदरी’ म्हणतो. ती काय करते याचा त्या नावात मागमूस नाही. ती कशी दिसावी याची आपली अपेक्षा तेवढी त्यात आहे. इंग्रजीत तिला होस्टेस म्हणत, म्हणजे यजमानीण. पुढे इंग्रजीने तोही शब्द मागे टाकला. हिंदीत विमान परिचारिका म्हणतात. यजमानीण गाळून तिच्या जागी सुंदरी आणून बसवण्याचा उद्योग मात्र आपल्या पदरचा आहे.

वर्तमानपत्रे हा शब्द बेधडक छापतात, मुली ‘मी कोण होणार’ या निबंधात तो लिहितात, आणि कोणाला काही खटकत नाही. मला खटकते. हा शब्द केवळ बावळट असता तर त्यासाठी दिवाळी अंकाची पाने अडवली नसती. पण या शब्दामागे जी समजूत आहे, तिने बायकांच्या नोकऱ्या घालवल्या आहेत, त्यांचे संसार अडवले आहेत. आणि आता ती विमानातून उतरून आमच्या एसटीत जागा धरू पाहते आहे.

अणदूरसारख्या गावातल्या मास्तरणीला विमानाची एवढी उठाठेव कशाला, असे कोणी विचारील. अणदूर हे सोलापूर-हैदराबाद रस्त्यावरचे गाव आहे. आमच्याकडे वाहने खूप, ती बहुतेक न थांबता जाणारी. पण २०२५ च्या जूनमध्ये सोलापूरहून गोव्याला विमान सुरू झाले, त्याच वर्षी मुंबईलाही झाले, आणि आकाशातली गोष्ट एकदम पन्नासएक किलोमीटरवर आली. तिच्या आधीच तिच्या जाहिराती आल्या होत्या. ‘हवाई सुंदरी व्हा’ असे सांगणाऱ्या शिकवणी-वर्गांचे फलक शहरात आहेत, त्यांची माहितीपत्रके आमच्या वर्गापर्यंत पोहोचतात, आणि फी लाखाच्या घरात असते. सोयाबीनचे पैसे हातात आले की पोरीची फी भरू, असा हिशेब मांडणारा बाप मी पाहिला आहे.

असे एक माहितीपत्रक मी बारकाईने वाचले. त्यात त्वचेची निगा होती, केशरचना होती, चालण्याची ढब होती, इंग्रजी संभाषण होते. आग कशी विझवावी हे नव्हते. बेशुद्ध माणसाची छाती कशी दाबावी हे नव्हते. पोहणे नव्हते. विमानकंपन्या साधारणपणे बारावी पास मुली-मुलगे घेतात आणि कायद्याला लागणारे प्रशिक्षण आपल्या खर्चाने वा आपल्या देखरेखीखाली स्वतः देतात, त्यासाठी बाहेरच्या वर्गाचे प्रमाणपत्र लागत नाही, हे तर त्यात कोठेच नव्हते. ते पत्रक घेऊन नववीतली एक मुलगी माझ्याकडे आली. तिने विचारले, “बाई, मी सावळी आहे. मला घेतील का?” मला पोहता येत नाही, मला उंचावर भीती वाटते, असे तिने विचारले नाही. ते विचारावे असे तिला कोणी सुचवलेच नव्हते. नावानेच तिला आधी सांगून ठेवले होते की परीक्षा कशाची आहे.

तेव्हा ती बाई विमानात खरोखर काय करते ते एकदा नीट पाहू.

पहिली विमान-परिचारिका म्हणून जिचे नाव इतिहासात आहे ती अमेरिकेतली एलन चर्च. १५ मे १९३० रोजी ती कामावर चढली. ती शिकलेली परिचारिका होती आणि विमान चालवायलाही शिकली होती. कंपनीने तिला विमान चालवायला दिले नाही, पण प्रवाशांची काळजी घ्यायला परिचारिका नेमाव्या ही तिची सूचना मानली, आणि तिच्याबरोबरच्या पहिल्या तुकडीतल्या साऱ्याजणी परिचारिकाच होत्या. म्हणजे या धंद्याचा उगम दवाखान्यात आहे, आरशासमोर नाही. अविवाहित असण्याची अट मात्र तेव्हापासूनच चिकटली.

आजही कायद्याला ती चहा देते की नाही याच्याशी कर्तव्य नाही. आपल्या देशातला नियम ढोबळमानाने असा आहे की पन्नास आसनांमागे एक परिचर हवा. एकशेऐंशी आसनांच्या विमानात किमान चार. नवे विमान मंजूर करताना कसोटी अशी घेतात की अंधारात, निम्मीच दारे वापरून, सगळी माणसे नव्वद सेकंदांत बाहेर निघाली पाहिजेत. नव्वद सेकंद! आमच्या शाळेची घंटा झाल्यावर एक वर्ग व्हरांड्यात यायला याहून जास्त वेळ लागतो. ती चार माणसे त्या नव्वद सेकंदांसाठी विमानात असतात. जेवणाचे ताट ही मधल्या वेळची गोष्ट आहे.

२ जानेवारी २०२४ रोजी टोकियोच्या हानेदा विमानतळावर जपानी प्रवासी विमान उतरताना तटरक्षक दलाच्या विमानावर आदळले आणि पेटले. त्या लहान विमानातले पाचजण दगावले. मोठ्या विमानात ३७९ माणसे होती. ध्वनिक्षेपक बंद पडला होता. आठांपैकी तीनच दारे वापरण्याजोगी उरली होती. केबिनमधल्या नऊ कर्मचाऱ्यांनी हातकर्णे घेऊन, नुसत्या गळ्याच्या जोरावर, सामान टाकून चला असे ओरडत ती सारी माणसे बाहेर काढली. ३७९ च्या ३७९. विमान मागे जळून कोळसा झाले. त्या नऊजणांना कोणी सुंदर म्हटले असते तर ते त्यांच्या आवाजाला म्हणायला हवे होते.

आणि आपली नीरजा भनोत? मुंबईत वाढलेली ही मुलगी ५ सप्टेंबर १९८६ रोजी पॅन अ‍ॅमच्या विमानात मुख्य परिचारिका होती. मुंबईहून निघालेले विमान कराचीला अतिरेक्यांनी धरले. तिने वैमानिकांना इशारा दिला, ते निसटले, म्हणजे विमान उडवायला कोणी उरले नाही. अमेरिकन प्रवासी हुडकून काढण्यासाठी पारपत्रे मागितली गेली, तेव्हा तिने आणि तिच्या सोबत्यांनी ती लपवली. सतरा तासांनी गोळीबार सुरू झाला, तेव्हा तिने दार उघडून माणसे बाहेर लोटली, आणि मुलांना वाचवताना ती गेली. तेविसावा वाढदिवस दोन दिवसांवर होता. भारताने तिला मरणोत्तर अशोकचक्र दिले. शांततेच्या काळात पराक्रमासाठी याहून मोठा मान आपल्याकडे नाही. अशोकचक्र मिळालेल्या दुसऱ्या कोणाला आपण ‘सुंदरी’ म्हणतो?

१२ जून २०२५ रोजी अहमदाबादेत कोसळलेल्या विमानात केबिनचे दहा कर्मचारी होते. दहाही गेले. त्यांत रायगड, ठाणे, पुणे या जिल्ह्यांतल्या घरांतली मुले-मुली होती. त्या दिवसांतही मराठी बातम्यांतून तोच शब्द फिरत होता. मेलेल्या माणसाच्या मागेही आपण त्याचे काम लावत नाही, त्याचे रूप लावतो.

आता एक साधा प्रश्न. हेच काम पुरुषही करतात. त्यांना मराठीत काय म्हणतात? ‘हवाई सुंदर’? असा शब्द उच्चारताच हसू येते, आणि त्या हसण्यातच माझा मुद्दा सिद्ध होतो. पुरुषाला आपण परिचर म्हणतो, पर्सर म्हणतो, कर्मचारी म्हणतो. तो कामाने ओळखला जातो. एकाच पोशाखातल्या, एकाच दाराशी उभ्या असलेल्या दोन माणसांपैकी एकाला हुद्दा आणि दुसरीला कौतुक. कौतुक फुकट मिळते असे कोणी समजू नये. त्याची किंमत बायकांनी रोख मोजली आहे.

मी शाळेत शिकवणारी बाई. कायद्याची पदवी माझ्याजवळ नाही. पण एअर इंडिया विरुद्ध नर्गेश मिर्झा हा खटला समजायला पदवी लागत नाही. २८ ऑगस्ट १९८१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्याचा निकाल दिला. तोवरचा नियम असा होता : पुरुष पर्सर अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त होई. त्याच विमानातली स्त्री पस्तिसाव्या वर्षी. किंवा नोकरीच्या पहिल्या चार वर्षांत लग्न केले तर तेव्हा. किंवा पहिल्यांदा दिवस गेले की तेव्हा. यांतले जे आधी घडेल ते. पस्तिशीनंतर व्यवस्थापकीय संचालकांची मर्जी असेल तर वर्षावर्षाने पंचेचाळीसपर्यंत मुदतवाढ. मर्जी! आमच्याकडे सालगड्याचा करारसुद्धा पाडव्याला दोघांच्या बोलण्याने ठरतो.

न्यायालयाने गरोदरपणाची अट मनमानी म्हणून रद्द केली, मर्जीचा अधिकार काढून घेतला. तरुण, देखण्या मुली असल्या म्हणजे प्रवासी खूश राहतात, हा युक्तिवाद न्यायमूर्तींनी झिडकारला. बायका शोभेच्या वस्तू नव्हेत आणि अनुभवी बाई हे काम अधिक चांगले करील, असा त्यांचा अभिप्राय पडला. वाचून ऊर भरून येतो. पण पुढचे पान उलटा. चार वर्षे लग्न करायचे नाही, ही अट त्यांनी कायम ठेवली. कुटुंबनियोजनाला ती पोषक आहे असेही सांगितले. स्त्री आणि पुरुष यांचे वर्ग निराळे आहेत, म्हणून निवृत्तीचे वय निराळे असले तरी समानतेचा भंग होत नाही, असेही ठरवले. म्हणजे तत्त्व मान्य आणि पगारपत्रक जुनेच!

त्यानंतरची कथा अशीच एक पाऊल पुढे, अर्धे मागे अशी चालली. स्त्रियांनी पन्नासाव्या वर्षी उड्डाणावरून उतरून जमिनीवरचे काम घ्यावे आणि पुरुषांनी अठ्ठावन्नपर्यंत उडावे, ही तफावत २००३ सालीसुद्धा सर्वोच्च न्यायालयाने चालवून घेतली. कर्मचाऱ्यांच्या संघटनेनेच तसे करार केले होते हे खरे. पण दोन वाईटांतले कमी वाईट निवडणाऱ्याला आवडनिवड असते असे नाही. विमानातल्या तुकडीची प्रमुख बाई होऊ शकते, हे एअर इंडियाने २००५ मध्ये मानले. पुरुष सहकारी त्याविरुद्ध न्यायालयात गेले, आणि २०११ मध्ये ते हरले तेव्हा कोठे प्रश्न मिटला. नीरजाने कराचीत तुकडीचे नेतृत्व करून पंचवीस वर्षे उलटली होती.

मधल्या काळात वजनाचा काटा आला. २००९ च्या जानेवारीत एअर इंडियाने काही परिचारिकांना वजन जास्त म्हणून घरी बसवले. काम करणारा माणूस सुदृढ असावा यावर वाद नाही; अरुंद दारातून दोनशे माणसे काढायची तर अंगात चपळाई हवीच. पण २०१४ साली नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने उंची-वजनाच्या गुणोत्तराचे जे कोष्टक लावले, त्यात पुरुषाची मर्यादा २५ आणि स्त्रीची २२ होती. आग दोघांना सारखीच भाजते, दार दोघांना सारखेच जड असते. मग चपळाईचा काटा दोघांना निराळा कसा? याचे उत्तर सुदृढतेत सापडत नाही, ‘सुंदरी’ या शब्दात सापडते. सौंदर्याला वय असते, वजन असते, रंग असतो. कामाला यांतले काही नसते. ज्या दिवशी तुम्ही एखाद्या नोकरीचे नाव रूपावरून ठेवता, त्या दिवशी तिच्या निवृत्तीची तारीखही त्याच नावात लिहून टाकता.

पगाराचेही तेच. या धंद्यात हातात पडणाऱ्या रकमेचा मोठा भाग उड्डाणाच्या तासांवर अवलंबून असतो. विमान हलले की घड्याळ चालू. त्याआधीची तपासणी, प्रवासी चढवणे, सामान कोंबणे, धुक्यात ताटकळणे, याला पूर्ण मोल नाही. २०२५ च्या ऑगस्टमध्ये एअर कॅनडाच्या दहा हजारांवर कर्मचाऱ्यांनी नेमक्या याच कारणासाठी संप केला. सरकारने कामावर जा म्हणून हुकूम काढला, तो त्यांनी मानला नाही, आणि जमिनीवरच्या कामाचा मोबदला पदरात पाडूनच ते परतले. आपल्याकडे २०२४ च्या मे महिन्यात एअर इंडिया एक्स्प्रेसच्या परिचर मंडळींनी एकाच वेळी आजारी पडण्याचा मार्ग धरला. उड्डाणे रद्द झाली, पंचवीसजणांना काढले, आणि मुख्य कामगार आयुक्तांसमोर बैठक झाल्यावर परत घेतले. त्या वेळी प्रवाशांची हळहळ फार ऐकू आली. ती रास्तच होती. पण ज्यांना आपण हसण्याबद्दल पगार मिळतो असे समजतो, त्यांची तक्रार आपल्याला नखऱ्यासारखी वाटते. सुंदरीने का संप करावा?

येथे कोणी म्हणेल, बाई, प्रवासी पैसे मोजतो. त्याला सेवा नको का? हवी, आणि चोख हवी. १९४८ साली मुंबईहून लंडनला पहिले विमान नेणाऱ्या एअर इंडियाची धुरा ज्या जे. आर. डी. टाटांनी वाहिली, ते स्वतः प्रवासी म्हणून बसत आणि चहा-कॉफीपासून पडद्यांपर्यंत काय चुकले याची टिपणे अधिकाऱ्यांना धाडत. त्या चोखपणानेच त्या कंपनीला जगात नाव मिळाले. पण त्या टिपणांकडे नीट पाहा. कॉफी नीट करणे ही कारागिरी आहे, ती शिकता येते, तपासता येते, सुधारता येते. सेवेचा दर्जा अशा गोष्टींनी मोजावा. दार किती सेकंदांत उघडले, म्हाताऱ्या बाईला हात कोणी दिला, रडत्या मुलाच्या आईला पाणी कोणी आणले. ओठांचा रंग आणि हसण्याची रुंदी मोजून सेवा चांगली होत नाही. फक्त प्रवासी उर्मट होतो. २०२२ च्या डिसेंबरात इस्तंबूलहून दिल्लीला येणाऱ्या विमानात जेवणावरून झालेल्या तंट्यात एका परिचारिकेला ‘मी कंपनीची कर्मचारी आहे, तुमची नोकर नाही’ अशा आशयाचे प्रवाशाला सुनवावे लागले. ते चित्रण देशभर पाहिले गेले. काहींना ती उद्धट वाटली. मला वाटले, सोबतिणीला रडताना पाहून एक बाई आपल्या धंद्याची व्याख्या सांगते आहे.

आणि हे सारे वरच्या वर्गाचे प्रश्न आहेत असे म्हणून सुटका नाही. २०२४ च्या ऑक्टोबरात एसटी महामंडळाचे तेव्हाचे अध्यक्ष भरत गोगावले यांनी जाहीर केले, की मुंबई-पुणे मार्गावरच्या ई-शिवनेरी गाड्यांत हवाई सुंदरीच्या धर्तीवर ‘शिवनेरी सुंदरी’ नेमणार. वाचून मी कपाळाला हात लावला. आमच्या भागातल्या एसटीत बाया वाहक आहेत. खाकी घालून, खांद्याला पेटी अडकवून, बाजाराच्या दिवशी कोंबलेल्या गाडीत त्या या टोकापासून त्या टोकापर्यंत तिकिटे काढतात. सुट्या पैशांवरून वाद मिटवतात. दारूड्याला खाली उतरवतात. शाळेच्या मुलींना बसायला जागा करून देतात. मुक्कामी गाडीला परगावी रात्र काढतात, जेथे बाईमाणसासाठी धड मोरीही नसते. गाडीवर ‘प्रवाशांच्या सेवेसाठी’ असे लिहिलेले असते. ती सेवा म्हणजे हीच. त्यांना कोणी सुंदरी म्हटले नाही, आणि म्हणूनच त्यांचा वचक आहे. ‘वाहक’ हा शब्द पाटीवर पुरुषासाठी आणि बाईसाठी सारखाच असतो. एसटीने मराठीला दिलेली ही एक सभ्य गोष्ट, आणि एसटीच तिच्यावर पाणी सोडायला निघाली! स्थानकांत पाणी आणि स्वच्छ शौचालय दिले असते तर प्रवाशांनी महामंडळाला दुवा दिला असता. त्याऐवजी सुंदरी सुचली.

आमच्या गावाला नावाचा महिमा दोन्ही बाजूंनी ठाऊक आहे. अणदूरला खंडोबा आहे; देव वर्षातला काही काळ येथे, काही काळ नळदुर्गला राहतो. खंडोबाच्या क्षेत्रांत एके काळी मुरळ्या सोडल्या जात. मुरळीचे लग्न देवाशी लागले म्हणायचे, म्हणजे माणसाशी लागायचे नाही. नाव देवाचे, नाचणे लोकांपुढे, म्हातारपण रस्त्यावर. मिर्झा खटल्यातली लग्नाची अट वाचताना मला मुरळी आठवली. तुलना बोचेल, विमानातली मुलगी शिकलेली, स्वखुशीने गेलेली, हे मला कळते. पण बाईला मोठे नाव द्यायचे, तिच्या लग्नावर हक्क सांगायचा आणि तरुणपण सरले की वाट दाखवायची, ही रीत दोन्हीकडे एकच आहे. एका ठिकाणी भंडारा उधळतात, दुसऱ्या ठिकाणी अत्तर लावतात.

दुसरी बाजूही येथलीच. याच अणदुरात डॉ. शशिकांत अहंकारी आणि त्यांच्या सोबत्यांच्या हॅलो मेडिकल फाउंडेशनने खेड्यांतल्या साध्या, थोड्या शिकलेल्या बायकांना आरोग्याचे शिक्षण दिले आणि त्यांना नाव दिले ‘भारतवैद्य’. केवढे नाव! काल शेणगोठा करणारी बाई आज भारतवैद्य. नावाने तिला औषध देता आले असे नाही. ते शिक्षणाने आले. पण नावाने लोकांना सांगितले की हिच्याकडे काय मागायचे. कोणी तिला ‘आरोग्य सुंदरी’ म्हटले असते, तर कोणत्या बाळंतिणीने रात्री तिचे दार ठोठावले असते?

म्हणून माझी मागणी छोटी आहे आणि तिला खर्च नाही. संपादकांनी आपल्या कचेऱ्यांतून ‘हवाई सुंदरी’ हा शब्द काढून टाकावा. विमान-परिचारिका म्हणा, पुरुषाला विमान-परिचारक म्हणा. धंद्याच्या जन्माला हेच नाव शोभते. शिक्षकांनी निबंधात तो शब्द दिसला की लाल रेघ मारावी आणि समासात कारण लिहावे. आईबापांनी फी भरण्यापूर्वी त्या वर्गवाल्यांना एकच विचारावे, आग विझवायला कोण शिकवणार? आणि एसटीने आपल्या बाया वाहकांना रात्री निजायला खोली द्यावी, सुंदरीचे नंतर पाहता येईल.

शब्द बदलल्याने पगार वाढत नाही, हे मलाही कळते. पण चुकीच्या शब्दाने तो कमी कसा होतो, हे पुरते दिसले आहे. आमच्या मुली आकाशात जाणार असतील तर खुशाल जाव्यात, मला अभिमान वाटेल. जाताना त्यांनी पोहायला शिकून जावे, मोठ्याने ओरडायला शिकून जावे, आणि कोणी सुंदरी म्हणून हाक मारली तर ओ देऊ नये.